तिसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. अंबरनाथला, चौदा वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते एखाद्या न शिकलेल्या बाईच्या हातून झालं असतं तर तिला सगळ्यांनी माफ केलं असतं. मला कोणी करू नये.

आमची आई विठा, बेलवलीची ढवलारीण. आमच्या आगरी लग्नात ढवलारीण गाऊन विधी करते, आणि आईच्या पद्धतीने ते तीन दिवस चालतं. पहिल्या दिवशी देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं. दुसऱ्या दिवशी हळद, तेल, मांडव. तिसऱ्या दिवशी आलेल्या सगळ्यांना जेवू घालून परत पाठवायचं. त्याला ती निरोप म्हणते. पोथी नाही, वही नाही, सगळं डोक्यात. चाळीस वर्षांत बदलापूरच्या आसपास तिने किती लग्नं लावली असतील त्याचा हिशेब तिलाही नाही. स्वतःच्या पोरीचं तेवढं लावायचं राहिलं, पण तो विषय आमच्या घरात बंद आहे.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नात तिने हळदीचं तेच गाणं दोनदा म्हटलं. बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "तेजल, डोक्यातला धागा सुटतंय गं." उल्हासनगरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि मला एकटीला आत बोलावून सांगितलं की हे आता वाढतच जाणार. मी बाहेर आले तर ही बाकावर बसून शेजारच्या बाईला स्वतःच्या हाताने बनवलेल्या सुकटीची तारीफ सांगत होती.

मी ठरवलं, सगळं रेकॉर्ड करायचं. आई म्हणाली, नाय. लग्न नाय, मांडव नाय, देवांना कशाला बोलवू? येतील नि बघतील काय, तुजी मशीन? मी महिनाभर डोकं फोडलं. चिडले, रडले, तीन दिवस अबोला धरला. मग एक दिवस शेंगा सोलता सोलता तीच म्हणाली, "लाव तुजी मशीन. पन आयक. तिन्ही दिस लागलं पायजे. बोलावनं लागलं नि निरोप नाय लागला, तर जो कोन ते वाजवील तो देवांना बोलावील नि उपाशी बसवील. मना ते चालनार नाय. निरोप नाय तर तेबी पूस."

"लागेल गं आये. माझं काम आहे ते."

"आनि मी गात आसताना मशीनीला हात लावायचा नाय. देव बसलेले आसतात."

तेही कबूल केलं. कबूल करायला माझं काय जात होतं?

मशीन म्हणजे शाळेने मोडीत काढलेला एक डबा. त्याच्यावर विंडोज चालेना म्हणून मी लिनक्स टाकलं होतं आणि घरी आणला होता. डिस्क एवढीशी, ऐंशी जीबीची. त्यातली निम्मी जागा माझ्या भावाने, सुयोगने खाल्लेली. त्याच्या हळदीचे व्हिडिओ. डीजे, ड्रोन, शंभर माणसं नाचतायत, तेच तेच चार कोनांतून. फोनमध्ये मावत नाही म्हणून इथे आणून ओतले आणि नंतर एकदाही उघडून बघितले नाहीत. मी दहा वेळा सांगितलं असेल, ने रे बाबा ते दुसरीकडे. हो ताई, नेतो ताई. कसला नेतोय!

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बसलो. पाटावर तांदळाची रास, वर नारळ, समई. मांडव नाही तर निदान चार आंब्याच्या डहाळ्या तरी, म्हणून तिने त्या दाराला लावून घेतल्या. आणि ती गायला लागली तेव्हा, खरं सांगते, मला लाज वाटली. लहानपणी तिची लाज वाटायची, ढवलारणीची पोर म्हणून वर्गात चिडवायचे म्हणून. आता स्वतःची वाटली, की एवढं सगळं घरात होतं आणि मी एक ओळ शिकले नाही. पहिल्या दिवशी ती एकदाही अडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एक गाणं संपलं की त्याच्या शेपटाला धरून पुढचं यायचं. संध्याकाळी समई शांत झाली, ती उठून मोरीत गेली, की मी पटकन सेव्ह करून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी निरोप. तो मोठा असतो. साडेतीन तास ती गात होती. मधे एकदा मला स्क्रीनच्या कोपऱ्यात काहीतरी सूचना आलेली दिसली. जागा कमी आहे, असं काहीतरी असणार. हात उचलला होता मी. आईने गाता गाताच माझ्याकडे असं बघितलं की मी तो परत मांडीवर ठेवला.

निरोप संपला. तिने पाटावरचे तांदूळ मुठीने चारी दिशांना टाकले, पदराने तोंड पुसलं आणि आत जाऊन पडली. मी सेव्ह दाबलं. डिस्कवर जागा नाही. परत दाबलं. जागा नाही. तिसऱ्यांदा दाबलं तर सगळंच गोठलं, माऊससुद्धा हलेना. मी पाच मिनिटं थांबले असेन. मग माझं डोकं फिरलं आणि मी बटण दाबून मशीन बंद केलं. विद्यार्थ्याने असं केलं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं करते.

मग ते चालूच होईना. काळा पडदा, पांढरी अक्षरं सरसर वर जायची, एका ओळीवर थांबायची, परत पहिल्यापासून. त्यात मधे एक ओळ होती, तिचा अर्थ सरळ होता: लिहायला जागा शिल्लक नाही. मशीनला उठून उभं राहायला थोडी तरी जागा लागते, चार ओळी कुठेतरी लिहायच्या असतात. तेवढीही उरली नव्हती.

"लागला का गं निरोप?" आई उठल्याबरोबर विचारायला लागली.

"लागलाय. मशीन जरा दमलंय."

तासाभराने परत. रात्री जेवताना परत. सकाळी चहाला परत. मला समजत नव्हतं की ती काळजीने विचारतेय की आधी विचारलेलं विसरून विचारतेय. दोन्ही असेल. माझ्या मात्र कपाळावरची शीर उडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मशीन रिक्षात घालून उल्हासनगरला नेलं. तिथे एक सिंधी सेठ आहेत, शाळेची दुरुस्ती त्यांच्याकडेच असते. त्यांनी चालू करून बघितलं, अक्षरं वाचली आणि म्हणाले, "मॅडम, लिनक्स छोडो ना. फॉर्मेट मारून विंडोज टाकून देतो."

"सेठ, आत माझ्या आईचा आवाज आहे."

तसे ते सरळ बसले. "अरे साईं, मग आधी बोलायचं ना. मग हात नका लावू कशालाच. डिस्क काढतो, दुसऱ्या डिस्कला जोडतो, जेवढं आहे तेवढं सगळं कॉपी करतो. नंतर आरामात काय उडवायचं ते उडवू. दोन दिवस ठेवून जा. पण घरी काय डिलीट करू नका हां, मॅडम."

आणि मला राग आला. का आला सांगू? आधी फॉर्मॅट म्हणणारा माणूस मला शिकवतोय, घरी डिलीट करू नका. मला! चौदा वर्षं पोरांना हेच शिकवतेय मी. शिवाय दोन दिवस म्हणजे आईचं "लागला का" अजून पन्नास वेळा. मी म्हटलं, राहू द्या, मी बघते. मशीन उचललं आणि तशीच परत आले. रिक्षावाल्यावरसुद्धा उगाच ओरडले.

दुपारी आई झोपल्यावर बसले. लिनक्समध्ये चालू होताना एक कळ दाबली की दुरुस्तीचा दरवाजा उघडतो. चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसता काळा पडदा आणि तुम्ही आज्ञा लिहायची. डिस्क किती भरली ते विचारलं. शंभर टक्के. कोणी किती जागा अडवली त्याची यादी मागितली. सगळ्यात वर सुयोग. अडतीस जीबी!

फोन लावला. "सुयोग, तुझे व्हिडिओ उडवतेय."

"ए ताई, पागल झालीस का? ड्रोनवाल्याकडे पण कॉपी नाही आता. हात नाय लावायचा हां. बायको घर सोडून जाईल माझी."

"आईचं गाणं अडकलंय रे आत."

"मग दुसरं काहीतरी उडव ना यार. एवढी कॉम्प्युटरची मास्तरीण तू!"

फोन आपटला मी. आज वाटतं, ऐकायला नको होतं त्याचं. पण ते व्हिडिओ कोणाच्या तरी लग्नाचे होते, आणि लग्नाचं काही पुसायला माझाही हात धजला नाही.

मग मी कचरा शोधायला लागले. मशीन स्वतःच्या रोजच्या नोंदी ठेवतं, त्या उडवल्या. जुन्या अपडेटची पुडकी पडली होती, ती उडवली. चालू करून बघितलं, तर आता अक्षरं संपून पासवर्ड विचारण्यापर्यंत आलं आणि तिथूनच परत फिरायला लागलं. अजून थोडी जागा हवी होती. फोनवर शोधलं. दहापैकी आठ जणांनी लिहिलं होतं, तात्पुरत्या फायलींचा फोल्डर साफ करा, त्यात कामाचं काही नसतं. मी स्वतः आठवीला हेच शिकवते. तात्पुरतं म्हणजे टाकाऊ.

त्या फोल्डरमध्ये साडेचार जीबी निघाले. मला आनंद झाला. हे मला विसरता येत नाही. मी चक्क "वा!" म्हटलं, एवढा कचरा एका जागी सापडला म्हणून. एक ओळ लिहिली, एंटर दाबलं, सेकंदभरात फोल्डर रिकामा.

मशीन चालू झालं. नेहमीचं चित्र आलं, घड्याळ आलं. मी रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला आणि वाट बघत बसले की तो म्हणेल, मागच्या वेळी तुमचं काम अर्धवट राहिलं होतं, परत आणू का? असं तो म्हणतो, मला ठाऊक होतं. तो काहीच म्हणाला नाही. कोरी पाटी पुढे ठेवली.

मग शोधलं. आधी शोधायला हवं होतं ते आता. सेव्ह न केलेलं रेकॉर्डिंग हा प्रोग्रॅम कुठे ठेवतो? तात्पुरत्या फोल्डरमध्ये. मशीन मधेच बंद पडलं तरी ते तिथे सुखरूप असतं. जागा मोकळी करताना तेवढं सांभाळा, असं कोणीतरी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

साडेतीन तासांचा निरोप. मी स्वतःच्या हाताने पुसला, आणि वर वा म्हटलं.

मग वेड्यासारखं मनात आलं, निदान बाकीचं तरी आहे ना बघू. पहिल्या दिवसाची फाइल उघडली आणि वाजवली. स्पीकर मोठा होता. आईचा आवाज घरभर झाला. बोलावणं.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आई धावत बाहेर आली, पदर सावरत, झोपेतून उठलेली. पाटाकडे गेली. तिथे आता पाट नव्हता, नुसती फरशी होती. ती फरशीसमोरच हात जोडून उभी राहिली. मी बंद करेपर्यंत नावं होऊन गेली होती.

"बोलावलंस?" ती म्हणाली.

"आये, मी नुसतं चेक करत..."

"आलेत ते. आता पाठव. निरोप लाव."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती बाकी काहीही विसरू दे, माझं तोंड तिला वाचता येतं.

"नाय लागला?"

"लागला होता, आये. मी पुसला. चुकून पुसला गं."

मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त समई आणली, पेटवली, फरशीवर बसली आणि स्वतःच निरोप सुरू केला. दोन ओळी. थांबली. परत दोन ओळी, तिसरी वेगळीच आली, हळदीतली. तिने मान हलवली. परत पहिल्यापासून. चार-पाच वेळा झालं असेल. मग मांडीवर हात आपटून म्हणाली, "काल येत व्हतं ना गं? काल तर येत व्हतं."

"हो आये, सगळं येत होतं."

"मग आता हे बसलेत त्यांना काय सांगू?"

माझा देवांवर विश्वास किती, हा प्रश्नच नव्हता. माझी आई फरशीवर बसून घाबरलेली होती. घरात माणसं येऊन बसावीत आणि त्यांना द्यायला शब्द नसावा तशी ती समोर बघत होती. आणि ती माणसं मी आणून बसवली होती.

मी कानाला हेडफोन लावला, वही घेतली आणि बोलावण्यातली नावं लिहून काढली. ती कानात परत वाजली, पण आईला ऐकू गेली नाहीत. एकूण एकेचाळीस नावं. मग तिच्यासमोर बसले आणि वाचायला लागले. चाल नव्हतीच, चाल माझ्यापाशी कुठून येणार? शाळेत हजेरी घेते तशी वाचत गेले.

"गावदेवी."

आई बघत राहिली. मग तिला समजलं. एक चिमूट तांदूळ टाकून म्हणाली, "जेवलीस, आता जा बाय."

"अंबरनाथचा म्हादेव."

"जेवलास, जा बाबा."

"उल्हास नदी." "चेडोबा." "शेताच्या बांधावरचा म्हसोबा." देव संपले, मग आमची माणसं. "आजा दौलतराव." "चुलता भगवान." "आत्या कुंदा." प्रत्येकाला तिने तांदूळ दिले आणि जा म्हटलं. एकेचाळिसावं झालं तेव्हा तिने सुस्कारा सोडला, समई शांत केली आणि मला म्हणाली, "चहा टाक."

मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. नंतर मशीन परत सेठकडे नेलं. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं, खूप प्रयत्न केले. पुसलेल्या जागेवर मशीनने नवं काही काही लिहून टाकलं होतं, तुकडे निघाले पण त्यातून आवाज निघेना. "मैंने बोला था ना, मॅडम," एवढं म्हणायचा त्यांना हक्क होता. ते म्हणाले नाहीत. पैसेही घेतले नाहीत.

मला वाटलं होतं निदान आईपुरतं तरी हे मिटलं. नावं वाचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चार वाजता ती उठली आणि बाहेर येऊन विचारलं, "तेजल, देव बसलेत ते गेले का गं?"

"काल पाठवले ना आपण."

"कवा? मना नाय आठवत." आणि तोंडावर तीच भीती.

वही काढली. एकेचाळीस नावं. तेव्हापासून रोज चारला हेच. शाळा सुरू झाली तशी मी सकाळच्या पाळीत बदलून घेतलं. सुयोग येतो कधी कधी, कोपऱ्यात उभा राहून बघतो. त्याने सगळे व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर नेले, न सांगता. आता त्या मशीनवर जागाच जागा आहे. पहिल्या दोन दिवसांची गाणी तिथे आहेत. मोठ्या आवाजात वाजवायची माझी हिंमत नाही, आणि पुसायचीही नाही. आई म्हणाली होती, निरोप नाही तर तेही पूस. ती स्वतः ते विसरली. मी विसरलेले नाही.

गेल्या आठवड्यात मी नावं वाचत होते. आईच्या हातून आता तांदूळ सांडतात. एकेचाळिसावं नाव झालं, तिने त्यालाही जा म्हटलं. मी वही मिटली. तिने मूठ उघडून बघितली, अजून चार दाणे होते. मग तिने माझ्याकडे बघितलं, नीट, शेजारच्या गावाहून आलेल्या पाहुणीकडे बघतात तसं.

"तुना कोनी बोलावलं गं?" तिने विचारलं.

"तूच, आये," मी म्हटलं.

तिने ते चार दाणे माझ्या पदरात टाकले. "मग जेवून जा," ती म्हणाली. "उपाशी जाऊ नको."